पडदा हलतो तिथे

रविवारी दुपारी सगळ्यांनी जेवायलाच या, असा अण्णांचा निरोप थोरलीला मिळाला तो धाकट्याकडून. अण्णांनी स्वतः फोन केला नाही, आणि ते करतील अशी तिची अपेक्षाही नव्हती. निगेटिव्हचे डबे नेल्यापासून बापलेकीत बोलणं बंद होतं. अबोला धरायचा म्हटलं की दोघंही सारखीच चिवट. आई म्हणायची, एकाच रिळावरून काढलेल्या दोन प्रती.

झालं होतं ते असं. अण्णांनी आयुष्यात बरेच सिनेमे काढले, पण घरात नुसतं 'सिनेमा' म्हटलं की तो पहिलाच, घड्याळजीच्या मुलीचा. त्यातली मुलगी बापाच्या माघारी त्याच्या टेबलाशी बसते, भिंगातून घड्याळाच्या पोटात बघते आणि समोरच्या उघड्या दाराशी बोलत राहते. दारात कोणी नसतं. नुसता पडदा हलत असतो. त्या रिकाम्या दारावर लोकांनी लेख लिहिले, सिनेमा शिकणाऱ्या पोरांनी प्रबंध लिहिले, आणि एका समीक्षकाने तर त्या पडद्याच्या झुळकीला अख्खं प्रकरण दिलं.

घरच्यांना मात्र ठाऊक होतं की त्या दारात आत्या उभी होती. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. नायिकेच्या बहिणीचं काम तिने केलं होतं. शूटिंग संपलं, तिचं लग्न ठरलं, आणि सिनेमा लागला तेव्हा त्यात ती औषधालाही नव्हती. सासरच्यांना सिनेमात दिसलेली सून नको होती, म्हणून अण्णांना तिचे सगळे प्रसंग काढावे लागले, असं थोरली लहानपणापासून ऐकत आली होती. अण्णा हे उघड कधी बोलत नसत. पण आत्याचे यजमान, म्हणजे मुलांचे आतोबा, घरी आले की अण्णांना नेमकं बाहेरचं काहीतरी काम निघायचं.

आतोबा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत एक जुनी लॅब बंद पडली, आणि तिच्या तळघरातले डबे थोरलीच्या चित्रपट संग्रहालयात येऊन पडले. जतन विभाग तिच्याच हाताखाली होता. त्या डब्यांत आत्याचे प्रसंग निघाले. आनंदाच्या भरात तिने तिथूनच अण्णांना फोन केला, आणि पुढे कितीदा तरी तिला वाटलं, निदान संध्याकाळपर्यंत तरी दम धरायला हवा होता.

कारण अण्णा उठून कामालाच लागले. धाकट्याचा धंदा सिनेमे वितरित करण्याचा, त्यामुळे त्याच्याकडे माणसं होती, यंत्रं होती. दोघांनी मिळून आत्याचे प्रसंग पुन्हा जागच्या जागी घालून संगणकावर सिनेमाची नवी आवृत्ती तयार केली. इथपर्यंत थोरलीचं काही म्हणणं नव्हतं. दिग्दर्शकाला आपलं काम पुन्हा हातात घ्यावंसं वाटलं तर घ्यावं. पण एका सकाळी अण्णा धाकट्याची गाडी घेऊन संग्रहालयाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "निगेटिव्ह दे."

निगेटिव्ह म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्म. बाकीच्या सगळ्या प्रती तिच्यावरून निघतात. ती एकच असते.

"कशाला हवीय?" थोरलीने विचारलं.

"कापायला," अण्णा म्हणाले.

ती अडवू शकत नव्हती. सिनेमा त्यांच्या मालकीचा होता, निगेटिव्ह त्यांनी नुसती जपायला ठेवली होती. डबे बाहेर सोडण्याच्या पासवर तिलाच सही करावी लागली, आणि सही करताना तिने मान वर केली नाही.

*

रविवारी ती पोचली तेव्हा घरात जेवणाची गडबड होती आणि आत्या आधीच येऊन बसली होती. येताना तिने पिशवीभर संत्री आणली होती आणि ती सगळी बशीत एकावर एक रचण्याचा तिचा उद्योग चालला होता. आत्याचा स्वभावच असा की कोणाच्याही घरी गेली तरी पाच मिनिटांत काहीतरी आवरायला घ्यायची.

"आलीस? हात धू आणि बस," ती म्हणाली. "तुझा बाप आज मला काहीतरी दाखवणार आहे. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून फिरतोय."

अण्णा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी थोरलीकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला उद्देशून बोलावं तसे म्हणाले, "या. संग्रहालयवाले पण आले."

"बोलावलं म्हणून आले," थोरली म्हणाली.

"बरं केलंत."

आईने स्वयंपाकघरातून डोकावून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. थोरली तिच्या मागोमाग गेली. आत जाताना मधली खोली लागायची. ती आईची संकलनाची खोली. सिनेमा आईनेच जोडला होता. तेव्हा ती अण्णांची बायको नव्हती, पगारी संकलक होती, आणि अण्णा घरात अजूनही सांगत की सिनेमा चालला नसता तर मी तिचा पगार बुडवण्यासाठी तिच्याशी लग्न केलं असतं, तो चालला, म्हणून मग नुसतीच आवडली म्हणून केलं.

थोरलीने खोलीत डोकावून पाहिलं. आईने सगळी मांडामांड करून ठेवली होती. दिव्याचं टेबल पुसून लख्ख केलेलं. जोड द्यायचं यंत्र, फिल्म चिकटवायच्या द्रावणाची बाटली, सुती हातमोजे, कात्री. आणि भिंतीशी ओळीने डबे.

"आई, हे तू मांडलंस?"

"मग कोण मांडणार? त्यांना बाटलीचं झाकण तरी उघडतं का?"

"तू त्यांना हे करू देणार आहेस?"

आई पोळी उलटत म्हणाली, "ताटं घे."

एवढंच. थोरलीला वाटलं, संपलं. धाकटा अण्णांच्या बाजूचा, आई अण्णांच्या बाजूची, आणि आत्याला तर कशाचा पत्ताच नाही. आपण एकटीच.

जेवणं गप्पांत झाली. बोलत होती ती मुख्यतः आत्या. तिच्या इमारतीची लिफ्ट, समोरच्या बाईचा कुत्रा, नातवाचं गणित. धाकटा मधूनमधून थोरलीला हळूच म्हणत होता, "ताई, आज नको. आज त्यांचा दिवस आहे."

"तू त्यांना समजाव ना."

"मी सांगून पाहिलं. निगेटिव्ह कापायची काही गरज नाही, म्हटलं, फाइल तयार आहे. ऐकत नाहीत. आणि जुन्याचंसुद्धा स्कॅन आहे आपल्याकडे. अगदीच बुडत नाही काही."

"फाइल आज उघडते. तुझ्या मुलांच्या वेळी उघडेल याची हमी देशील?"

धाकट्याने भाताकडे लक्ष दिलं.

*

जेवण झाल्यावर पडदे ओढले, भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला आणि सिनेमा सुरू झाला. अण्णा आत्याच्या शेजारी बसले. ते सिनेमाकडे बघतच नव्हते. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

थोरलीने हे प्रसंग संग्रहालयात पाहिले होते, पण सुटे, आवाज न जोडता. आता ते जागेवर बसलेले पहिल्यांदा पाहत होती. नायिका भिंग डोळ्याला लावून बसली आहे. ती म्हणते, "बाबा असते तर एव्हाना हे चालू झालं असतं." आणि दारात पडदा बाजूला होऊन आत्या येते. ओले केस, खांद्यावर टॉवेल, विशीतला चेहरा. ती चौकटीला टेकते आणि म्हणते, "तू आधी जेवून घे. घड्याळ कुठे पळून जात नाही." नायिका हसते. आत्या थोडा वेळ उभी राहते आणि वळून जाते.

छानच होतं. आत्या पडद्यावर इतकी सहज होती की थोरली क्षणभर सगळं भांडण विसरली. हा चेहरा इतकी वर्षं डब्यात पडून राहिला, ही गोष्ट तिला नव्याने टोचली. आपणच चुकतोय की काय, असंही मनात येऊन गेलं.

पण सिनेमा पुढे सरकला तसं तिला काहीतरी खटकायला लागलं. दोन बहिणी होत्या, एकीला दुसरीचा आधार होता, सगळं ठीक चाललं होतं. ज्या जागी थिएटरात माणसं खोकायची थांबायची, तिथे धाकट्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बिस्किट उचललं. तिने आईकडे बघितलं. आई नेहमी काम बघायची तशी बघत होती, मान किंचित कलती करून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

दिवे लागले.

"किती बारीक होते मी," आत्या म्हणाली. "आणि तो टॉवेल. तो वहिनीचा होता, परत द्यायचा राहिला."

"आवडला?" अण्णांनी विचारलं.

"आवडला की. इतक्या खटपटीने केलंस." तिने भावाच्या हातावर हात ठेवला. "तुझी कमाल आहे, दादा."

अण्णांना तेवढंच हवं होतं. ते उठले. "आता चला सगळे आत. पहिला काप सगळ्यांसमोर द्यायचा आहे."

*

मधल्या खोलीत पाच माणसं म्हणजे दाटीच. आईने दिव्याचं टेबल लावलं, हातमोजे चढवले, डबा उघडून रीळ काढलं. फिल्म उजेडावरून सरकायला लागली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. पांढरी भिंत काळी, काळं दार पांढरं. आई एका जागी थांबली. तिथे पांढऱ्या दारात पडदा होता.

"इथून," ती म्हणाली.

अण्णांनी कात्री उचलली. त्यांचा हात अलीकडे थरथरायचा, कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरत. त्यांनी कात्रीकडे पाहिलं आणि ती आईपुढे केली. "तू धर. तुझा हात चांगला आहे."

थोरलीला आता राहवलं नाही. "अण्णा, एकदा ऐका माझं. मग काय करायचं ते करा."

"आता बोललीस?"

"निगेटिव्हला जोड देताना दोन्ही बाजूंची एकेक चौकट जाते. ती परत येत नाही. उद्या तुम्हाला वाटलं, पहिलाच सिनेमा बरा होता, तर तुम्हालाही तो पुन्हा जोडता येणार नाही. तुमची नवी आवृत्ती तयार आहे ना? दाखवा ती. लावा थिएटरात. मी तिकीट काढून येईन. पण हे असू द्या."

"म्हणजे लोक काय म्हणणार? खरा सिनेमा संग्रहालयात आहे आणि हा म्हाताऱ्याचा हट्ट." अण्णा शांतपणेच बोलत होते. "तुला लहानपणी कोणी शिकवलं की निगेटिव्ह हाच सिनेमा, बाकी सगळ्या त्याच्या नकला?"

"तुम्हीच."

"मग? जोवर हे असं आहे, तोवर माझी बहीण त्या सिनेमात नाही. तू फाइलवर भरवसा ठेवत नाहीस, मीही ठेवत नाही. मी हिला खऱ्या सिनेमात परत आणणार आहे. मी गेल्यावर तुम्ही लोक काय दाखवाल याचा मला भरवसा नाही."

वाद तिचाच होता, फक्त तो तिच्याच विरुद्ध उभा केला होता. धाकटा दाराशी उभा राहून पायाकडे बघत होता. तिने आईकडे पाहिलं. आईच्या हातात कात्री होती.

आईने कात्री टेबलावर ठेवली. मग एक हातमोजा काढला, दुसरा काढला, आणि दोन्ही नीट जुळवून बाजूला ठेवले.

"अहो," ती म्हणाली, "मी कापते. तुम्ही म्हणाल तिथे कापते. पण आधी हिला विचारा."

"कोणाला?"

"तुमच्या बहिणीला. जिच्यासाठी चाललंय तिला."

आत्या मागे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. "मला वाटलं, आपण नुसतं बघायला आलोय," ती म्हणाली. "हे कापणार म्हणजे जुना राहणारच नाही?"

"नाही," थोरली म्हणाली.

"का पण?"

"तुझ्यासाठी," अण्णा म्हणाले. "तुला काढलं ते मला कधी सहन झालं नाही. पहिल्या खेळाला तो दाराचा प्रसंग आला तसा मी उठून बाहेर गेलो, तेव्हापासून मी तो सिनेमा पुरा बघितलेला नाही. तुझ्या सासरच्या लोकांना..."

"सासरच्यांचा काय संबंध?"

"राहू दे आता. माणूस गेलेला आहे, मला वाईट बोलायचं नाही."

"नाही, बोल. काय संबंध?" आत्या उठून टेबलापाशी आली. "दादा, मला काढ म्हणून मीच सांगितलं होतं. वहिनीला सांगितलं, आणि मग तुलाही सांगितलं. त्या स्टुडिओच्या जिन्यात. आठवतं का?"

"आठवतं. तू रडत होतीस."

"मला सर्दी झाली होती."

धाकट्याच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं.

"डोळे लाल होते तुझे," अण्णा म्हणाले.

"मग सर्दीत कसे असतात? मी तुला सरळ सांगत होते की मी नसले की सिनेमा चांगला होतो. तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, समजलं मला, काही बोलू नकोस. मी काही बोलले नाही. मला वाटलं, समजलं असेल."

अण्णांनी आईकडे पाहिलं.

"मीही सांगितलं होतं," आई म्हणाली. "एकदा नाही, चांगलं तीन-चारदा. तुम्ही म्हणायचात, तू तिला पाठीशी घालतेस. पुढे मी सांगायचं सोडून दिलं. तुम्ही आपली गोष्ट रचून बसला होतात, आणि गोष्ट रचणं तुमचं कामच."

मग आत्याने सगळं सांगितलं. बोलताना ती थोरलीकडे बघत होती, कारण भावाकडे बघवत नसावं. सिनेमा जोडत असताना ती रोज वहिनीच्या खोलीत जाऊन बसायची. तेव्हा वहिनी वहिनी नव्हती, मैत्रीण होती. एक दिवस जोडकामाच्या कच्च्या प्रतीत दाराच्या प्रसंगाचा मधला तुकडा फाटला. कडेची भोकं गेली होती, म्हणून तो दुरुस्तीला बाजूला काढला, आणि वेळ जाऊ नये म्हणून आईने अलीकडचं आणि पलीकडचं टोक तात्पुरतं जोडून रीळ लावलं. आत्या यायच्या आधीचं रिकामं दार, आणि ती निघून गेल्यानंतरचं.

"ती मुलगी बोलते," आत्या म्हणाली, "आणि दारात कोणी नाही. नुसता पडदा हलतो. मी तिथेच होते ग, मला माहीत होतं की आत्ताच मी तिथून गेलेय, म्हणून तो हलतोय. तरी माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, हिची बहीण कधीच गेली आणि हिला ते कबूल नाही. मी वहिनीला म्हटलं, हे असंच ठेव. सगळीकडे असंच कर. ही नाही म्हणत होती."

"आठवडाभर भांडलो आम्ही," आई म्हणाली. "मी म्हणत होते, एवढं चांगलं काम केलंस, कशी टाकू? ही म्हणे, बरं आहे, पण हे त्याहून चांगलं आहे."

"लग्न त्याच सुमाराला ठरलं," आत्या म्हणाली. "एवढाच काय तो संबंध."

खालच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातून वाफेच्या इस्त्रीचा आवाज तेवढा येत होता. थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. मूळ सिनेमा वाचवायचा म्हणून ती इतके दिवस जिवाचं रान करत होती, पण तो मुळात कोणी आणि कसा केला, हे विचारायला तीही कधी आत्याकडे गेली नव्हती.

"आणि ते?" अण्णांनी अखेर विचारलं. "तुझे यजमान?"

"त्यांचं काय?"

"त्यांना काही वाटलं नाही?"

"अरे, त्यांना केवढा अभिमान," आत्या म्हणाली. "दुकानात चष्म्याला जो येईल त्याला सांगायचे. काचा घासता घासता सांगायचे, तो सिनेमा पाहिलाय का, त्यातला तो पडदा आहे ना, तो माझ्या बायकोने हलवलाय. कोणी मानायचं नाही. गिऱ्हाईक हसून निघून जायचं. हे आपले पुढच्याला सांगायचे."

अण्णा स्टुलावर बसले. बराच वेळ ते टेबलावरच्या उजेडाकडे बघत राहिले. थोरलीने त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं, पण असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती नकळत त्यांच्या जवळ सरकली. त्यांनी तिचा हात धरला, जणू काही अबोला कधी नव्हताच.

"म्हणजे," ते म्हणाले, "ज्याच्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली, ते हिचं डोकं आणि तुझी कात्री. मग माझं त्यात काय राहिलं?"

आईने फिल्म थोडी पुढे सरकवली आणि त्यांना जवळ बोलावलं. "हे बघा. इथे जोड आहे, त्याच्या अलीकडे ही चौकटीबाहेर गेली होती. आणि हे सगळं त्यानंतरचं. केवढं आहे बघा. ही गेल्यावरही तुम्ही 'कट' म्हणाला नव्हता. कॅमेरामन बोंब मारत होता, फिल्म फुकट जातेय म्हणून. तुम्ही तसेच उभे राहून पडद्याकडे बघत होता. का, ते मला कधी सांगितलं नाहीत. पण तेवढं नसतं, तर आम्ही दोघी काय डोंबल जोडणार होतो?"

अण्णा वाकून बघत राहिले. "पडदा छान हलत होता," ते म्हणाले. "म्हणून."

"झालं तर मग," आत्या म्हणाली.

*

कात्री कपाटात गेली. पण एवढ्यावर प्रकरण मिटलं तर ते घर त्यांचं कसलं. चहा झाला तसा धाकटा म्हणाला, नव्या आवृत्तीची जाहिरात गेलीय, थिएटरवाल्यांना काय तोंड दाखवू? मग त्यालाच सुचलं. जुनाच सिनेमा स्वच्छ करून लावायचा, आणि तो संपल्यावर आत्याचे प्रसंग वेगळे दाखवायचे, ते कसे आणि कोणी काढले त्या हकिकतीसकट.

"ही हकिकत म्हणजे लाखमोलाची," तो म्हणाला. सकाळपर्यंत तो नव्या आवृत्तीच्या बाजूने होता, हे त्याचं तोच विसरला होता.

"लोक उठून गेल्यावर दाखव," आत्या म्हणाली.

"ते उठणारच नाहीत, आत्या."

"मग दिवे लावून दाखव. मला बघून कोणी अंधारात रडायला नको."

अण्णा गप्प होते, म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. "पाट्यांमध्ये हिचं नाव घालतो," ते म्हणाले. "सुरुवातीच्या पाट्यांत. तेवढं तरी करू दे."

थोरलीने चहाचा घोट गिळला. "नाही, अण्णा."

"काय नाही?"

"पाट्याही सिनेमाच आहेत. त्यांनाही हात लावायचा नाही."

"ही बाई," अण्णा आईला म्हणाले, "बापाला एक नाव लिहू देत नाही."

"तुमचीच शिकवण," आई म्हणाली.

"आणि लिहिणार काय?" आत्याने विचारलं. "माझ्या नावापुढे काय काम लिहिणार? 'दिसल्या नाहीत'?"

यावर अण्णा जे हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत. शेवटी ठरलं की आत्याला नव्या आवृत्तीची एक प्रत द्यायची, नातवंडांना दाखवायला. आजी एके काळी बारीक होती, याचा तिला पुरावा हवा होता. आणि नवी आवृत्तीही जपून ठेवायची. हा आग्रह थोरलीचाच. अण्णांनी ती ज्या प्रेमाने केली होती ते पाहिल्यावर, ती टाकून द्यायची कल्पना तिला आता सोसवेना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे परत निघाले. अण्णा म्हणाले, मी येणार. आत्या म्हणाली, मग मीही. धाकट्याच्या गाडीत डब्यांना मागची सीट दिली आणि माणसं अडचणीत बसली. थोरली पुढे होती. वाटेत तिला एक आंबूस वास जाणवला आणि तिने खिडकीची काच खाली केली.

संग्रहालयाचं कोठार थंड असतं. आत जाताना थोरलीने दोघांना जाड कोट दिले. मूळ निगेटिव्हचे डबे त्यांच्या जागी मांडले गेले. मग तिने आत्याच्या प्रसंगांचे डबे वेगळ्या गाडीवर ठेवले आणि पलीकडच्या लहान खोलीकडे ढकलायला लागली.

"ते कुठे नेतेस?" अण्णांनी विचारलं. "शेजारी ठेव ना. जागा आहे."

"नाही ठेवता येत. तळघरात राहून ही फिल्म आंबलीय. वास येतोय ना? तो पसरतो. चांगल्या फिल्मजवळ ठेवली तर तीही खराब होते. ही वेगळ्या खोलीत राहणार. तिची काळजी घेऊ आम्ही, पण वेगळी."

अण्णा त्या लहान खोलीपर्यंत मागे मागे आले. डबे कप्प्यात गेल्यावर त्यांनी वरच्या डब्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. थोरलीला वाटलं, आता पुन्हा वाद घालतील. तिने मनातल्या मनात उत्तरं तयार केली. पण त्यांनी नुसता डबा कप्प्यात थोडा सरळ केला. कोट त्यांना मोठा होत होता, आणि त्यात ते एकदम लहान दिसत होते.

"दादा," आत्या मागून म्हणाली, "मी इकडे आहे."

ते वळले. ती नाकाला रुमाल लावून उभी होती, आणि थंडीने तिचे डोळे लाल झाले होते. अण्णांनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

"सर्दी?"

"सर्दीच," ती म्हणाली.

तिघं बाहेर उन्हात आली. गाडीपाशी पोचल्यावर अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या बाहीने पुसला, पुन्हा लावला आणि परत काढला. इतक्या वर्षांत ते चष्म्यासाठी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जात आले होते. आतोबांच्या दुकानाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती, आणि त्यावर घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

"याचा नंबर बदललाय बहुतेक," ते चष्म्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या दुकानात या वेळेला असतं का कोणी?"

थोरलीने गाडीचं दार धरून ठेवलं.

"मुलगी असते," आत्या म्हणाली. "चल. तुला बघून तिला धक्काच बसेल."